ॲटॉमिक काउंटर, नोंद ४: चिन्ह नडतं ते पुढच्या ओळीत

थ्रेड पूलमध्ये (एकाच वेळी चालून कामं वाटून घेणाऱ्या थ्रेडच्या गटात) पाच ॲटॉमिक काउंटर आहेत, म्हणजे अनेक थ्रेडनी एकदम बदलले तरी न चुकणारे मोजणीचे आकडे. आतापर्यंत सगळे सरसकट ३२ बिटी साइन्ड (ऋण आकडेही धरणारे) होते. आता चारांचे प्रकार पक्के झालेत, पाचवा अर्धवट आहे. कोड सी++२० मध्ये आहे.

आधी एक गैरसमज. ‘साइन्ड ओव्हरफ्लो म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर, म्हणून ॲटॉमिक नेहमी अनसाइन्डच घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. (ओव्हरफ्लो म्हणजे किंमत प्रकाराच्या मर्यादेबाहेर जाणं, अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणजे पुढे काय होईल याची भाषेने हमी न देणं, अनसाइन्ड म्हणजे ऋण आकडे नसलेला प्रकार.) साध्या इंटसाठी (साइन्ड पूर्णांकासाठी) त्याचा पहिला भाग खरा आहे. ॲटॉमिक इंटच्या फेच_ॲडसाठी (अखंड एका पायरीत बेरीज करणाऱ्या फंक्शनसाठी) नाही. तिथे टूज कॉम्प्लिमेंटप्रमाणे (ऋण आकडे बिटांत लिहिण्याच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे) गुपचूप रॅप होतो, म्हणजे कमाल किमतीवरून किमान किमतीवर फिरून येतो, हे सी११ आणि सी++११ या दोन्ही मानकांत लिहिलेलं आहे. २,१४,७४,८३,६४७ मध्ये १ मिळवला की −२,१४,७४,८३,६४८ मिळतं, बस. भाषेच्या दृष्टीने ही चूकच नसल्याने सॅनिटायझरही (चालू प्रोग्रॅममधल्या चुका पकडणारं साधन) ओरडत नाही. प्रोसेसरला तर चिन्हाशी देणंघेणंच नाही. ॲटॉमिक बेरजेची इन्स्ट्रक्शन, एक्स८६ वर ‘लॉक एक्सॲड’ किंवा आर्मवर ‘एलडीॲड’, दोन्ही प्रकारांना तीच. (किमान-कमाल काढताना मात्र आर्मवर साइन्ड आणि अनसाइन्डसाठी वेगळ्या इन्स्ट्रक्शन आहेत, रिस्क-फाइव्हवरही.)

मग प्रकार निवडायचा कशावरून? फेच_ॲडने जी किंमत हातात दिली तिचं पुढे काय होणार, यावरून. तुलना, भागाकार, रुंद प्रकारात बदल, की नुसती बेरीज. आणि पहिला खड्डा त्याच ओळीत असतो: ‘काउंटर.फेच_ॲड(१) + १’. फेच_ॲड जुनी किंमत परत देतं आणि ती आता साधा इंट असते. ती कमाल किमतीवर असली तर मागचा ‘+ १’ ॲटॉमिक नसलेला साइन्ड ओव्हरफ्लो ठरतो. म्हणजे सुरक्षित अर्धी ओळ आणि अनडिफाइन्ड अर्धी ओळ, शेजारी शेजारी. असे तीन ‘+ १’ कोडमध्ये होते. तिन्ही ठिकाणी आधी अनसाइन्डमध्ये बदल, मग बेरीज.

तिकीट काउंटर (रिंग बफरमधली, म्हणजे शेवटानंतर पुन्हा सुरुवातीपासून वापरायच्या ॲरेमधली जागा; तिकिटाला बफरच्या आकाराने भागून उरलेली बाकी हा खान्याचा क्रमांक): अनसाइन्ड ३२, आणि बफरचा आकार २ चा घात. दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. आकार १००० ठेवला तर साइन्डमध्ये रॅपनंतर बाकी −६४८ येते आणि ॲरेच्या बाहेर लिहिलं जातं. अनसाइन्ड केल्याने ते थांबतं, पण ४,२९,४९,६७,२९५ ची बाकी २९५ आणि त्यानंतरच्या ० ची बाकी ०. मध्ये उडी पडते, दोन थ्रेड एकाच खान्यावर येऊ शकतात. १०२४ ला ही भानगडच नाही. दोन तिकिटांत आधीचं कोणतं हे बघायला सरळ ‘लहान आहे का’ विचारायचं नाही. वजाबाकी अनसाइन्डमध्ये करायची, उत्तर साइन्डमध्ये वाचायचं, ऋण असेल तर पहिलं तिकीट आधीचं.

रेफरन्स काउंट (एक वस्तू किती जण वापरतायत याचा आकडा; शून्य झाला की वस्तूची मेमरी मोकळी होते): अनसाइन्ड, पण अर्ध्या मर्यादेला कुंपण. वाढवून झाल्यावर जुनी किंमत निम्म्या मर्यादेपुढे गेलेली दिसली तर प्रोग्रॅम तिथेच बंद. रस्ट भाषेचा आर्क (रेफरन्स मोजणारा पॉइंटर) हेच करतो. निम्म्यावरच का? कारण तपासणी वाढवल्यानंतर होते आणि तेवढ्यात बाकीचे थ्रेडही वाढवत असतात. उरलेली अर्धी जागा त्यांच्यासाठी मोकळी. ही नुसती पुस्तकी भीती नाही. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०१६-०७२८ या सुरक्षा-त्रुटीत लिनक्स कर्नलच्या कीरिंगचा (किल्ल्या साठवणाऱ्या भागाचा) संदर्भ गळत होता, म्हणजे वाढलेला काउंट परत कमी होत नव्हता. ३२ बिटी काउंट फिरवत फिरवत शून्यावर आणता यायचा आणि वापरात असलेली वस्तू मोकळी व्हायची. ४.११ आवृत्तीपासून कर्नलमध्ये रिफकाउंट_टी हा खास प्रकार आला. तो रॅप होण्याऐवजी एका किमतीवर अडकून बसतो. मेमरी गळते, पण गळलेली परवडली.

मोकळ्या जागांचा काउंटर: हा साइन्डच, वाद नको. फेच_सबने (फेच_ॲडसारखंच, पण वजाबाकीचं) दिलेली जुनी किंमत ० किंवा कमी असेल तर थांबायचं, आणि काउंटर −३ असेल तर तीन जण रांगेत आहेत. अनसाइन्डमध्ये ० मधून १ गेला की क्षणभर ४ अब्जांवर जागा मोकळ्या दिसतात, आणि नेमकं तेव्हा वाचणारा थ्रेड खुशाल आत शिरतो. गो भाषेच्या आरडब्ल्यूम्यूटेक्सने (अनेक वाचक किंवा एकच लिहिणारा आत सोडणाऱ्या कुलपाने) तर ऋण चिन्हालाच कामाला लावलंय. लिहिणारा आला की वाचकांच्या काउंटमधून १,०७,३७,४१,८२४ (म्हणजे २ चा ३० वा घात) वजा होतात. काउंट ऋण दिसला की नवा वाचक समजतो, बाहेर थांबायचं.

चालू कामांच्या काउंटरचा प्रत्येक थ्रेडला वेगळा तुकडा आहे, ६४ बाइटवर अलाइन करून (मेमरीतला पत्ता ६४ च्या पटीत ठेवून). काम घेणारा थ्रेड एक आणि संपवणारा दुसरा असू शकतो, म्हणून एका तुकड्यात १ आणि दुसऱ्यात −१ असणं अगदी रास्त. तुकडे ३२ बिटी, बेरीज ६४ बिटी. इथे अनसाइन्ड घेतलं की −१ रुंद होताना ४,२९,४९,६७,२९५ होतो आणि बेरीज ० ऐवजी ४,२९,४९,६७,२९६ येते. साइन्ड ३२ मधून साइन्ड ६४ मध्ये नेलं की बरोबर ०.

कंपायलरचा साइन-कंपेअर इशारा (साइन्ड आणि अनसाइन्डची तुलना दिसली की येणारा) चालू ठेवा. जीसीसी कंपायलरमध्ये सी++ ला तो ‘वॉल’ पर्यायातच येतो, सी ला ‘एक्स्ट्रा’ पर्याय लागतो. आणि चाचणीत काउंटर ० पासून सुरू करू नका, रॅप लवकर यायला हवा. कन्स्ट्रक्टरला सुरुवातीची किंमत देण्याची सोय केली आहे. अनसाइन्ड ४,२९,४९,६७,२९० पासून, साइन्ड २,१४,७४,८३,६४० पासून. लिनक्सचे जिफीजही (कर्नलच्या घड्याळाच्या ठोक्यांचा काउंटर) ३२ बिटी रॅपच्या पाच मिनिटं आधीपासून सुरू होतात, त्याच हेतूने.

राहिला पाचवा, पूर्ण झालेल्या कामांची एकूण संख्या. हा फक्त वाढतो, त्यामुळे चिन्हाने काही बिघडत नाही, रुंदीने बिघडतं. सेकंदाला १० लाख कामं धरली तर साइन्ड ३२ बिट ३५ मिनिटं ४७ सेकंदांत संपतात, अनसाइन्ड ७१ मिनिटं ३५ सेकंदांत. ६४ बिटी साइन्डला सेकंदाला १०० कोटींच्या वेगानेही २९२ वर्षं लागतील. डेस्कटॉपवर म्हणून ६४. पण कॉर्टेक्स-एम४ (लहान उपकरणांतला ३२ बिटी प्रोसेसर) वर ६४ बिटी ॲटॉमिक इन्स्ट्रक्शन नाही. कंपायलर तिथे लायब्ररीतलं फंक्शन मागतो आणि ते नसेल तर लिंकर (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणारं साधन) अडतो. त्या बिल्डसाठी काउंटर अनसाइन्ड ३२ ठेवून, वाचणाऱ्याने दर मिनिटाला नवी वजा जुनी किंमत अनसाइन्डमध्ये काढायची आणि स्वतःच्या साध्या ६४ बिटी बेरजेत टाकायची, असं ठरलंय. दोन वाचनांमध्ये एक रॅप झाला तरी फरक बरोबरच येतो. ती बेरीज एकाच थ्रेडच्या ताब्यात राहील याची तपासणी अजून लिहायची आहे.