चौथी खुंटी

शाळेच्या महोत्सवानिमित्त निकालांबद्दल, मैदानाबद्दल इतर जण लिहितीलच. मी गायनाच्या बाईंनी माझ्या गळ्यात घातलेल्या एका कामाबद्दल लिहितो.

आठवीची परीक्षा झाली आणि अब्बा वारले. एसटीत मेकॅनिक होते. नववीत मी वर्गात तोंडच उघडत नसे, रात्री झोप नसे. बाईंनी समजूत वगैरे घातली नाही. शाळेचा तंबोरा हातात देऊन म्हणाल्या, "जवारी गेलीय. आजोबांकडं घेऊन जा आणि होईस्तोवर तिथंच बस." जवारी म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीमुळं सुराला येणारी घुमदार झणक. आजोबांशी आमचं येणं-जाणं नव्हतं. हे बाईंना पक्कं माहीत असणार, असा माझा आजही संशय आहे.

मिरजेतल्या शिकलगारांच्या घरातला मी, पण सतारमेकर गल्लीत आमचं दुकान आहे, यापलीकडं काही ठाऊक नव्हतं. आजोबांनी काम करता करता सांगितलं. पूर्वज हत्यारांना धार लावणारे. इंग्रजी अमलात ते काम आटलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब वाद्यं दुरुस्त करता करता नवी घडवू लागले, भाऊबंदही त्यात शिरले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड तुणीचं. पुढं इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेट्या आल्या, मागणी घटली आणि अब्बांनी नोकरी धरली. पोरानं कानस टाकून पाना घेतला, हे आजोबांना सोसलं नाही. भांडण एवढंच. पण अब्बा जाईपर्यंत पुरलं.

खुंट्या चाचपताना आजोबा एकीवर थांबले. "ही तुझ्या बापानं कातलेली. कोर बघ कशी उलट्या अंगाला झुकलीय." अब्बा डावरे होते हे मला माहीत होतं, ते लाकडातही दिसतं, हे नव्हतं.

जवारीचं काम चिकाटीचं. घोडीवर कानस अलगद फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची. घोडीच्या उतारावर तार जेमतेम घासली पाहिजे. जास्त घासलं गेलं की पृष्ठभाग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तारेखाली सुती दोरा केसभर मागं-पुढं सरकवला की कोंडलेला षड्ज एकदम उघडतो. डोक्यात दुसरं काही ठेवून हे ऐकूच येत नाही. "खर्जाची तार अजून बंद वाटतेय," हे कित्येक महिन्यांत मी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य. आजोबांनी मान डोलावून पुन्हा कानस उचलली. त्या रात्री मला झोप लागली.

मग शाळा सुटली की रोज गल्लीत. आई आधी गप्प होती. एकदा तिनं पेटीच्या तळातून अब्बांची कानस काढून दिली. टाकली बिकली काही नव्हती त्यांनी!

आता दिवसा सांगलीत बँकेची नोकरी, संध्याकाळी दुकान. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानं गिऱ्हाईक किती वाढतं ते बघू.

महोत्सवाच्या कार्यक्रमाआधी शाळेनं तंबोरा आमच्याकडं पाठवावा, पैसे घेणार नाही. तारा बदलू, तीन खुंट्या हव्या तर नव्या घालू. चौथी मात्र झिजली असली तरी तीच बसवून देणार.