सोलापूरहून कुगाव: उजनीच्या पाण्यावर वारा काय करतो ते बघायला

कोकणातल्या खाडीत वाऱ्याने पाणी किती चढतं हे ओळखणं अवघड जातं, कारण भरती-ओहोटी सगळ्यावर मात करते. उजनीत भरती नाही. इथलं पाणी हलतं ते वाऱ्याने, नाहीतर धरणात येणाऱ्या किंवा धरणातून सुटणाऱ्या पाण्याने. वाऱ्याचा परिणाम सुटा बघायचा असेल तर सोलापूरकरांना याहून जवळ चांगली जागा नाही.

सकाळच्या गाडीने जेऊरला उतरून चिखलठाणमार्गे उजनीच्या काठावरचं कुगाव गाठता येतं. स्वतःची गाडी असेल तर पुणे रस्त्याने टेंभुर्णीपर्यंत जाऊन करमाळ्याकडे वळायचं. पाठीवर सामान फार नको: अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपचे दोन दीड मीटरचे तुकडे, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा, चार इंची पाइपचे तेवढेच दोन तुकडे, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, सुतळी, मोजपट्टी आणि हातात धरायचा वारामापक. मार्च-एप्रिल बरा, कारण पाणी उतरून सपाट काठ उघडे पडलेले असतात आणि दुपारचा पश्चिम-वायव्येचा वारा बहुधा येतोच. जलाशय साधारण वायव्येकडून आग्नेयेकडे लांब पसरलेला आहे, म्हणजे हा वारा त्याला लांबीने सापडतो.

खुणांची काठी उघड्यावर रोवली तर लाटांमुळे आकडा वाचताच येत नाही. म्हणून ती चार इंची पाइपच्या आत उभी करायची. बाहेरच्या पाइपचं खालचं तोंड गाळात दाबलं जातं, त्यामुळे गाळाच्या वीतभर वर पाच-सहा मिलिमीटरचं एकच भोक पाडा. लाट आत शिरत नाही, पातळी मात्र हळूहळू आत-बाहेर सारखी होते. भोक गाळाने बुजलं की आतलं पाणी गोठल्यासारखं एकाच आकड्यावर राहतं. तासाभराने एकदा तारेने मोकळं करा. एक काठी वाऱ्याकडच्या काठाला, दुसरी वारा जिकडे ढकलतो त्या काठाला, मधलं अंतर जितकं जास्त तितकं चांगलं. दोन माणसं लागतात. दर दहा मिनिटांनी दोन्हीकडे एकाच वेळी नोंद.

दोन काठ्या कशासाठी, हे नीट समजून घ्या. धरणातून पाणी सुटत असेल तर सगळीकडेच पातळी उतरते. पसारा 200 चौरस किलोमीटर असताना 3000 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) सुटलं तर दिवसाला साडेतीन ते चार सेंटिमीटर. एकच काठी असेल तर ही घट वाऱ्याच्या खाती जमा होते. दोन्ही काठ्या सारख्या उतरल्या तर विसर्ग, एक चढली आणि दुसरी उतरली तर वारा.

किती फरक अपेक्षित धरायचा? ताशी 36 किलोमीटरचा वारा, दहा किलोमीटर मोकळं पाणी आणि सरासरी पाच मीटर खोली असेल तर दोन टोकांत जेमतेम तीन सेंटिमीटर. खोली दोन मीटरच असेल तर आठ. वारा दुप्पट झाला की फरक चौपटीहून थोडा जास्तच होतो. आठ सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण गाळपेरीच्या, म्हणजे पाणी उतरल्यावर पेरतात त्या, जमिनीसारख्या सपाट काठाला, जिथे दोनशे मीटरमागे एक मीटर उतार आहे, तिथे त्यातला निम्मा, म्हणजे चार सेंटिमीटरचा, फरक एका टोकाला आला तरी पाण्याची कड आठ मीटर सरकते. काठाला लावलेली होडी चिखलात बसते ती अशीच. वाऱ्याकडच्या काठावर होडी लावायची असेल तर निदान गुडघाभर पाण्यात तरंगती ठेवा.

प्रवाहासाठी बाटली गळ्यापर्यंत भरून सोडा, फक्त झाकण वर दिसलं पाहिजे. अर्धी रिकामी बाटली शिडासारखी वारा धरते आणि पाण्याचा वेग भलताच फुगवून सांगते. पृष्ठभागावरचं पाणी वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने जातं. ताशी 36 किलोमीटरच्या वाऱ्यात तासाला किलोमीटरभर. दुसऱ्या बाटलीला दीड-दोन मीटर सुतळीने पत्र्याचे दोन तुकडे फुलीसारखे अडकवून खाली सोडले की ती मागे रेंगाळते, कधी उलटीही जाते. वर ढकललेलं पाणी पलीकडच्या काठाला साठतं आणि तळाने परत येतं, हे इथे डोळ्यांना दिसतं. दुपारनंतर वारा पडला तरी काठ्या लगेच उचलू नका. साठलेलं पाणी परत येताना पुढे जातं आणि हेलकावतं. दहा किलोमीटर लांब, पाच मीटर खोल पाण्यात एक हेलकावा सुमारे 48 मिनिटांचा. उजनीचा आकार वेडावाकडा असल्याने तो इतका स्वच्छ दिसेलच असं नाही, पण दीड-दोन तास नोंद केलीत तर चढउतार सापडतो.

आता होडीविषयी, आणि हे सगळ्यात आधी वाचावं. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगावहून पलीकडच्या काठावरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. जलाशय आडवा ओलांडताना लांबीने येणारा वारा आणि लाटा होडीच्या कुशीवर बसतात. पाच किलोमीटर मोकळ्या पाण्यावर ताशी 36 किलोमीटरचा वारा तासाभर राहिला तर पस्तीसेक सेंटिमीटरच्या लाटा उठतात, सव्वादोन सेकंदाला एक. भरलेल्या छोट्या होडीची कड पाण्यावर तेवढीच उरलेली असते. त्यामुळे पाण्यावरचं काम सकाळी नऊच्या आत उरका. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलअखेरपासून, दुपारनंतर पाण्यावर जाऊच नका: ढग दूर असतानाच त्याच्या पोटातला गार वारा पुढे धावतो आणि दिशा क्षणात बदलते. हवा अचानक गार लागली की जवळचा काठ धरायचा, गाव नाही. लाइफ जॅकेट काठावर असतानाच अंगावर बांधा. लाटा आल्या तर सगळ्यांनी तळाशी बसावं, होडीचं नाक लाटेला तिरकं ठेवावं, आणि इंजिन बंद पडू देऊ नये. बंद पडलं की होडी आपोआप आडवी होते.

इथून पुढे कोल्हापूरमार्गे रत्नागिरीकडे जाऊन जयगडची किंवा दाभोळची खाडी बघायची असेल तर हेच मोजमाप तिथे कामाला येतं, हिशेब फक्त वाढतो. भरतीच्या तक्त्यात चंद्र-सूर्याची ओढ असते, आजचा वारा नसतो. समुद्राकडून वारा जोरात असेल तर पाणी तक्त्यापेक्षा वर चढतं आणि ओहोटी कमी उतरते. हवेचा दाब एक मिलिबारने घटला तर आणखी साधारण एक सेंटिमीटर. खाडीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना वारा आत येत असेल तर लाटा आखूड, उभ्या आणि फुटणाऱ्या होतात. उधाणाच्या (मोठ्या भरतीच्या) दिवशी हे जास्त, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवशी कमी. काठी रोवण्यापूर्वी तक्त्यातली वेळ आणि उंची वहीत लिहून घ्या, मग प्रत्यक्ष आकड्यातून ती वजा करा. उरेल त्यात वारा, दाब आणि नदीचं पाणी आलं.