आमची वाटचाल: कुपवाडच्या शेडमधलं फायबर

लोखंडकाम करणाऱ्याकडे पत्रा तयार येतो. त्याची ताकद मिलमध्येच ठरलेली असते. आमच्या धंद्यात तसं नाही. आमच्याकडे येते काचेच्या धाग्यांची मॅट आणि बॅरलमधलं पातळ रेझिन. ही दोन्ही आमच्या शेडमध्ये, मोल्डवर, रोलरखाली एकत्र येतात तेव्हा कुठे फायबर तयार होतं. म्हणजे जॉब बनतो त्याच वेळी त्याचं मटेरियलही बनत असतं, आणि तेही त्याच पोरांच्या हातून. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आम्ही आजवर जे काही केलं, ते ही एक गोष्ट धरून केलं.

घरात मूळ काम पॅटर्नचं. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली, पुढे या भागात ओतकाम वाढत गेलं. फाउंड्र्यांना लागणारे सागवानी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते लाकडी नमुने, वडील करत. साच्यातून जॉब सुटावा म्हणून बाजूला उतार किती ठेवायचा, कोपऱ्याला गोलाई किती द्यायची, हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. फायबरच्या मोल्डला हेच ज्ञान लागतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वडिलांनी शेडचा एक कोपरा मोकळा करून दिला आणि आम्ही सुरुवात केली. बाथरूमचे दरवाजे, टाक्यांची झाकणं, तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षबागांसाठी फवारणीच्या टाक्या. ही कामं पोटापुरती होती, पण हात त्यांच्यावरच बसला.

काचेचा धागा उद्योगात आला अमेरिकेत, १९३० च्या दशकात. १९५३ मध्ये शेव्हरोलेटने कॉर्व्हेट गाडीची बॉडी याच मटेरियलची केली. एकटा धागा ओढून पाहिला तर साध्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त ताण घेतो, पण तो दाबाला उभा राहत नाही. रेझिन एकटं घट्ट झालं तर ठिसूळ. रेझिन धाग्याला जागेवर धरतं आणि एका धाग्यावरचा भार शेजारच्या धाग्याकडे पोचवतं. मध्ये हवेचा बुडबुडा राहिला की तेवढ्या जागी हे पोचवणं थांबतं. म्हणून आमच्याकडे रोलर मारणाऱ्या माणसाचा पगार मी कधी कमी धरला नाही. जॉब मोल्डला चिकटू नये म्हणून मोल्डवर मेण आणि पीव्हीएचा पातळ थर, मग जेलकोट, म्हणजे बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर, मग चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमची मॅट, गरज असेल तिथे विणलेलं रोव्हिंग, म्हणजे काचेच्या जाड धाग्यांचं कापड. या सगळ्यात हवा काढणं हेच खरं काम आहे.

दुसरं म्हणजे वजनकाटा. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं) घालून पूर्ण ढवळायचं, मगच कॅटलिस्ट (घट्ट होणं सुरू करणारं). ही दोन्ही थेट एकमेकांत कधीच मिसळायची नाहीत, भडका उडू शकतो. आमच्याकडे ती वेगवेगळ्या कपाटांत, वेगवेगळ्या मापांनिशी राहतात. कॅटलिस्ट साधारण १ ते २ टक्के. सांगलीच्या एप्रिलमध्ये प्रमाण खाली आणावं लागतं आणि बादलीत माल थोडाच घ्यावा लागतो, कारण जास्त माल एका जागी असला की स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि हातात जेल होतो, म्हणजे घट्ट व्हायला लागतो. पावसाळ्यात काळजी वेगळी. मॅटला ओल लागली तर रेझिन धाग्याला नीट धरत नाही.

धंद्याला खरं वळण दिलं ते अ‍ॅसिडच्या टाक्यांनी. प्लेटिंग (धातूवर मुलामा) आणि पिकलिंग (आम्लाने गंज काढणं) करणाऱ्यांना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडसाठी टाक्या हव्या होत्या. लोखंड तिथे टिकत नाही. अशा टाकीत आतला थर सगळ्यात महत्त्वाचा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत पातळ सरफेस मॅट, त्यात जवळजवळ सगळं रेझिनच. त्याच्यामागे सुमारे अडीच मिलिमीटर मॅटचा थर, आणि त्याच्याबाहेर भार उचलणारी जाडी. अ‍ॅसिडला धाग्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही, असा हा हिशेब. साधं ऑर्थो रेझिन इथे चालत नाही, आयसो किंवा व्हिनाईल एस्टर ही रसायनापुढे जास्त टिकणारी रेझिनं घ्यावी लागतात. कॉस्टिक सोड्याची टाकी असेल तर आतली सरफेस मॅट काचेची न घेता सिंथेटिक घेतो, कारण कॉस्टिक काचेलाच खातं.

याच काळात बाजारात चॉक पावडर भरलेला माल स्वस्तात मिळू लागला. ग्राहक टाकीवर बोटाने टकटक करून, जाडी बघून दर ठरवत. मला याचा मनापासून राग येतो, कारण जाडीवरून आत काच किती हे कळत नाही. आम्ही एक छोटी भट्टी घेतली. कापलेला तुकडा साधारण ६०० अंशांवर ठेवला की रेझिन जळून जातं आणि काच तशीच उरते. थर एकेक करून मोजता येतात, वजन करता येतं. मॅटच्या हातकामात वजनाच्या साधारण ३० टक्के काच मिळायला हवी. पावडर भरलेली असेल तर तीही राहते, पांढऱ्या भुकटीसारखी, समोर दिसते. टाकीच्या मॅनहोलसाठी (माणूस आत उतरायच्या तोंडासाठी) कापलेली चकती आम्ही ग्राहकासमोर जाळतो. ही चाचणी सुरू झाल्यापासून दराची घासाघीस बरीच कमी झाली.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट. त्यानंतर नदीकाठच्या गावांतून होड्यांची विचारणा येऊ लागली. फायबर पाण्यावर आपोआप तरंगतं असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात ते पाण्याच्या सुमारे दीडपट जड आहे. होडी तरंगते ती आकारामुळे, आणि पाणी भरलं तर बुडते. म्हणून बैठकींखाली बंद कप्पे करून त्यात फोम भरल्याशिवाय आम्ही होडी देत नाही, किंमत वाढली तरी. एका गावच्या सरपंचांनी हा खर्च कमी करायला सांगितलं तेव्हा मी त्यांना शेडमध्ये बोलावून पिंपात एक तुकडा टाकून दाखवला. तो सरळ तळाला गेला. फोमसह ऑर्डर तिथेच पक्की झाली.

ग्राहकांना समजावून सांगावी लागते अशी आणखी एक गोष्ट: फायबर मजबूत असलं तरी कडक नाही. मॅट आणि रेझिनच्या घट्ट झालेल्या थरांचा, म्हणजे लॅमिनेटचा, कडकपणा पोलादाच्या पंचविसाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणून लोखंडी झाकण जसंच्या तसं फायबरमध्ये करून मागू नका. आम्ही त्याला बाक देतो, मागून रिब (उंच पट्ट्या) घालतो, किंवा दोन पातळ थरांमध्ये फोम घालतो.

शेडमधली हवा ही माझी जुनी चिंता. रेझिनमधल्या स्टायरिनचा वास आणि ग्राइंडिंगची धूळ माणसाला त्रास देते. कटिंगसाठी वेगळी खोली, एक्झॉस्ट, मास्क हे सगळं हळूहळू उभं केलं. आता मोठ्या सपाट जॉबना व्हॅक्यूम इन्फ्युजन लावतोय. कोरडं कापड पिशवीखाली ठेवून हवा खेचायची आणि रेझिन आत ओढून घ्यायचं. वास कमी येतो, काचेचं प्रमाण वाढतं. मोल्ड मात्र पूर्ण हवाबंद लागतो, त्यामुळे जुने मोल्ड बरेचसे नव्याने करतो आहोत. त्यांचे पॅटर्न अजूनही लाकडातच बनतात.

टाकीची चौकशी करताना तीन गोष्टी लिहून पाठवा: द्रावण कोणतं, किती टक्क्यांचं आणि जास्तीत जास्त किती तापमानाला. लिटरचा आकडा त्यानंतर.