फुलदाणीचा फोटो दोनदा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुधा असा येतो: व्हिक्टोरियन काळातली ही लांबट स्टिरिओ (खोली दाखवणारी) कार्डं, त्यांवर शेजारीशेजारी एकच फोटो दोनदा, आणि फोटोत काय तर द्राक्षांची टोपली, टांगलेला ससा, नाहीतर फर्नची पानं. राजवाडे आणि नायगारा सोडून हे कशाला जमवायचं?

मुळात तो एकच फोटो नाही. आपल्या दोन डोळ्यांत साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास अंतर असतं आणि तेवढ्यानेच दोघांना दिसणारं दृश्य किंचित वेगळं होतं. मेंदू ती दोन दृश्यं जुळवतो आणि आपल्याला खोली जाणवते. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने हे 1838 मध्ये, म्हणजे फोटोग्राफी जगापुढे येण्याच्या आदल्याच वर्षी, नुसत्या रेघांच्या चित्रांवर सिद्ध केलं. स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरचा भिंगांचा स्टिरिओस्कोप, म्हणजे अशी जोडचित्रं पाहायचं यंत्र, 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला आणि तिथून ही कार्डं घराघरांत शिरली.

आता मैलभर लांबच्या डोंगराला साडेसहा सेंटीमीटरने काय फरक पडणार? तो स्टिरिओस्कोपातही रंगवलेल्या पडद्यासारखाच दिसतो. पण हातभर अंतरावरच्या द्राक्षांच्या घोसाला तेवढा फरक पुरून उरतो. पुढचा मणी पुढे येतो, मागचा मागे सरतो आणि दोहोंमधली काळोखी पोकळी दिसू लागते. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत आपण ज्याला स्थिरचित्र म्हणतो, ते स्टिरिओत खऱ्या अर्थाने उभं राहतं. इंग्रज छायाचित्रकार टी. आर. विल्यम्सची 1850 च्या दशकाच्या सुरुवातीची 'द सँड्स ऑफ टाइम' ही डॅगेरोटाइप (धातूच्या पत्र्यावरच्या सुरुवातीच्या काळातल्या फोटोंची) जोडी पाहा. त्यातली कवटी आणि वाळूचं घड्याळ सपाट पाहिलं तर नेहमीचा मृत्यूचा संकेत वाटतो, भिंगांतून पाहिलं तर हात घालून उचलावंसं वाटतं.

म्हणून कार्ड घेताना चित्राच्या सुंदरपणाआधी दोन चौकटींमधला फरक तपासा. मिलिमीटरची पट्टी घ्या. चित्रातला अगदी जवळचा एक बिंदू निवडा, समजा पुढच्या पाकळीचं टोक. डाव्या चौकटीतल्या टोकापासून उजव्या चौकटीतल्या त्याच टोकापर्यंतचं अंतर मोजा. मग मागच्या भिंतीवरच्या एखाद्या खुणेचं तसंच मोजा. जवळच्या बिंदूचं अंतर कमी आणि मागच्याचं दोन-तीन मिलिमीटरने जास्त आलं, तर जोडी ठीक आहे. दोन्ही अंतरं अगदी सारखी आली, तर कोणीतरी एकाच फोटोच्या दोन प्रती चिकटवल्या आहेत आणि त्यात खोली मिळणं शक्य नाही. उलटं आलं, म्हणजे जवळच्याचं अंतर जास्त भरलं, तर डावी-उजवी बाजू अदलाबदल झाली आहे. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात काचेवरच्या दोन्ही प्रतिमा उलट्या पडतात, त्यामुळे छापलेला कागद मधोमध कापून बाजू बदलून चिकटवाव्या लागत. ते राहून गेलं की गुलाबाचा खड्डा होतो आणि टोपली आतून बाहेर पालटते.

तसा दोन भिंगांचा कॅमेरा मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सरने 1856 मध्ये पेटंट केला. त्याआधी बहुतेक वेळा एकच कॅमेरा बाजूला सरकवून दोन फोटो घेत. टेबलावरच्या फळांना त्याने काही होत नाही. बाहेरच्या झाडापानांची मात्र पंचाईत होते: मधल्या वेळात वारा येतो, ऊन सरकतं आणि दोन चौकटींतल्या सावल्या जुळत नाहीत. भिंगांतून पाहताना नेमकी तीच जागा चमचमते. म्हणून निसर्गाच्या कार्डांत सावल्यांच्या कडा आधी पाहाव्यात.

रंगांबद्दलही एक गैरसमज आहे. फुलं काळपट दिसली की लोक फोटो खराब झाला म्हणतात. त्या काळी फोटो घ्यायला वापरत त्या ओल्या कलोडियनच्या (रसायनाचा थर दिलेल्या) काचेवर निळा प्रकाश चटकन उमटतो. पिवळा, लाल जवळजवळ उमटतच नाही. त्यामुळे पिवळी फुलं आणि पिकलेली संत्री काळी पडतात, निळी फुलं पांढुरकी होतात, आभाळ कोरं राहतं. हा त्या काळाचा स्वभाव आहे, दोष नाही. खरा दोष म्हणजे उजळ भागांतला तपशील उडून कागद पिवळा पडणं. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या अल्ब्युमेन कागदाला तो हमखास होतो आणि परत येत नाही.

काळ ठरवायला कार्डाचा पुठ्ठाच बोलतो. नेहमीचा आकार 7 इंच बाय साडेतीन इंच. चौकोनी कोपरे साधारण 1860 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, नंतर गोल. मुद्दाम वाकवलेला पुठ्ठा 1880 च्या सुमाराचा किंवा पुढचा. दहापट भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले, तर तो फोटो नव्हे, नंतरची स्वस्त छापील प्रत.

आपल्याकडे खरा शत्रू पावसाळा. बुरशी लागते, आणि फोटो खळीने चिकटवलेले असल्यामुळे कसरही लागते. पॉलिएस्टरच्या पाकिटात एकेक कार्ड घाला (पीव्हीसी नको), लांब कडेवर उभी ठेवा, डब्यात सिलिका जेल टाका आणि ते वेळोवेळी बदला. वाकलेलं कार्ड पुस्तकाखाली दाबून सरळ करू नका, अल्ब्युमेनला तडे जातात. पाणी तर लावूच नका. धूळ मऊ ब्रशने, बस्स. डॅगेरोटाइपची काच उघडण्याच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरची प्रतिमा बोटाच्या नुसत्या स्पर्शाने पुसली जाते.

पैसे घालण्याआधी डोळा तयार करायचा असेल, तर लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी यांच्या संकेतस्थळांवर हजारो कार्डं मोफत पाहता येतात. छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा आणि कार्ड बरोबर 7 इंच लांब येऊ द्या. मोठं छापलं तर दोन चौकटींतलं अंतर वाढतं, डोळे बाहेरच्या बाजूला ताणले जातात आणि चित्र जुळण्याआधी डोकं दुखायला लागतं.