निकेलचा नाद: सडबरीच्या तुकड्याला पॉलिश, आणि आपल्या काळ्या दगडाचा हिशेब

कॅनडातल्या सडबरीच्या निकेल-धातुकाच्या तुकड्यावर शेवटी नीट चकाकी आली. अदलाबदलीत आलेला हा नमुना जेमतेम दोन बोटं रुंद आहे, पण हातात घेतला की वजन लगेच कळतं. मोबदल्यात मी विहिरीच्या मलब्यातले स्टिल्बाइट या खनिजाचे गुच्छ दिले. विदर्भातल्या वणीकडच्या आमच्या भागात विहीर खणताना काळा दगड (बसाल्ट) फुटला की असले गुच्छ निघतात आणि बांधावर फेकले जातात, त्यामुळे सौदा मला फायद्याचाच वाटतो.

ज्यांना सल्फाइड, म्हणजे धातू आणि गंधकाचं खनिज, पॉलिश करायचंय त्यांच्यासाठी पद्धत आधी सांगतो. तुकडा एपॉक्सीत बसवून घ्या, कारण सल्फाइड ठिसूळ असतं आणि कडा उडतात. मग जाड काचेवर वॉटर पेपर ठेवून २२०, ४००, ६००, १०००, २००० या क्रमाने घासायचं, पाणी सतत हवं. कोरडं अजिबात घासू नका. निकेल असलेली धूळ छातीत जाणं वाईट. घासलेलं पाणीही न्हाणीत सोडू नका. मी ते बादलीत ठेवतो, गाळ खाली बसू देतो आणि तो वाळवून डब्यात बंद करतो. पेपर बदलताना तुकडा काटकोनात फिरवायचा, आणि आधीच्या रेघा पुरत्या गेल्याशिवाय पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. शेवटचा हात जुन्या जीनच्या कापडावर हिऱ्याच्या पेस्टचा. इथे जास्त वेळ लावला तर मॅग्नेटाइटचे (लोखंडाच्या ऑक्साइडचे) दाणे उंच राहतात आणि भोवतीचं सल्फाइड खचतं, कारण मोह्सच्या मापावर मॅग्नेटाइटचा कठीणपणा ६ च्या आसपास आणि सल्फाइडचा ४ च्या.

दहापट भिंगाखाली पाहिलं तर बहुतेक पृष्ठभाग पायरोटाइटचा (लोखंडाच्या सल्फाइडचा) आहे, किंचित गुलाबीसर तपकिरी. कडेकडेने पिवळाधमक चाल्कोपायराइट, त्यात तांबं. आणि पायरोटाइटच्या दाण्यांच्या सीमेवर एक फिकट पिवळी, तुटक साखळी: हाच पेंटलँडाइट, म्हणजे निकेलचं घर. यूएसबी मायक्रोस्कोप लावल्यावर पायरोटाइटच्या आत शिरलेल्या पेंटलँडाइटच्या बारीक, ज्वालांसारख्या पट्ट्याही दिसल्या. खरं सांगायचं तर त्या रात्री जेवण थंड झालं.

ही साखळी मुळात द्रवातून थेट जमलेली नाही. सल्फाइडचा द्रव थंड होताना हजार अंशांच्या वर आधी लोखंड-निकेल-गंधकाचा एक एकजीव स्फटिक बनतो. तांबं त्यात फारसं मावत नाही, ते उरलेल्या द्रवात साठत जातं आणि शेवटी चाल्कोपायराइटच्या रूपाने कडेला बसतं. निकेल मात्र त्या स्फटिकातच राहतं, आणि तापमान साधारण ६५० अंशांच्या खाली गेलं की त्याला तिथे जागा पुरत नाही. मग ते पेंटलँडाइट होऊन बाहेर पडतं, आधी सीमेवर आणि नंतर ज्वालांच्या रूपात आतल्या आत. म्हणजे मी जे पाहत होतो ते सगळं घट्ट झाल्यानंतर घडलेलं.

चुंबकाची चाचणी सोपी आहे. जुन्या हार्ड डिस्कमधला निओडिमियमचा तुकडा कागदाखाली फिरवला तर पायरोटाइटची भुकटी मागेमागे धावते, पेंटलँडाइटची जागची हलत नाही. सडबरीच्या धातुक दळायच्या गिरण्यांत पायरोटाइट वेगळा काढायला हाच गुण वापरतात.

निकेलची रासायनिक खात्री मात्र घरी होत नव्हती. आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या सरांकडे गेलो. ते हसले, "गोटे आणून देता तुम्ही, आणि ॲसिड आमचं?" पण केलं. चिमूटभर भुकटी पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये गरम केली, मग अमोनिया घातला. लोखंडाचा तपकिरी चोथा खाली बसला आणि वरचं पाणी निळं झालं, ते तांब्यामुळे. गाळलेल्या त्या पाण्यात डायमिथाइलग्लायॉक्झिमचे (निकेल ओळखायच्या रसायनाचे) थेंब टाकले आणि लालभडक साका उतरला, म्हणजे निकेल आहेच. सरांनी तो गाळणकागद सुकवून मला दिलाय. दोन गोष्टी ध्यानात ठेवा: हे काम धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं, आणि स्वयंपाकघरात तर मुळीच नाही.

आता ज्या हिशेबासाठी हा सगळा खटाटोप. निकेल प्रत्येक काळ्या दगडात आहे. साध्या बसाल्टच्या एका टनात ते १०० ग्रॅमच्या आसपास, कधी कमी. पण ते ऑलिव्हिन नावाच्या खनिजात शिरून सगळीकडे विखुरलेलं असतं, खाणीच्या कामाचं नसतं. खाणीला टनामागे दहा किलोच्या घरात हवं. विखुरलेलं गोळा करायचं काम गंधक करतं. शिलारसात मावेल त्यापेक्षा जास्त गंधक झालं की लोखंड-गंधकाचे वेगळे थेंब सुटतात, आणि निकेल, तांबं, प्लॅटिनम शिलारस सोडून त्या थेंबांत जातात. सावजी रश्श्यावर तर्री वेगळी होते तसंच, फक्त इथे तर्री तळाला बसते, कारण शिलारसाची घनता २.७-२.८ आणि सल्फाइडच्या द्रवाची ४ च्या वर.

थेंब किती श्रीमंत होणार हे तो किती शिलारसाच्या संगतीत राहिला यावर ठरतं. कॅम्पबेल आणि नाल्ड्रेट या भूवैज्ञानिकांनी १९७९ मध्ये यासाठी आर-गुणक मांडला: एक भाग सल्फाइडला किती भाग शिलारस भेटला. मी वहीत आकडे मांडून पाहिले. निकेलची सल्फाइडकडे ओढ ३०० पट धरली (ती काही शे पट असतेच) आणि टनामागे १०० ग्रॅम निकेल असलेला शिलारस घेतला. आर १० असेल तर सल्फाइडच्या टनात जेमतेम १ किलो निकेल. आर १०० ला साडेसात किलो. आर १,००० ला २३ किलो. म्हणजे गंधक नुसतं मिळून भागत नाही. थेंबांवरून ताजा शिलारस वाहत राहिला पाहिजे. म्हणूनच जगातले बरेच मोठे साठे शिलारसाच्या नळ्यांत आणि वाटांत सापडतात. नळी रुंद होते, वेग कमी होतो, आणि जड थेंब तिथेच पडतात. कॅनडातल्या लॅब्राडोरमधलं व्हॉइसीज बे याचं नमुनेदार उदाहरण. १९९३ मध्ये तो साठा सापडला तेव्हा शोधणारे हिऱ्यांच्या मागावर होते!

पण गंधक येतं कुठून? तापलेल्या बसाल्टी शिलारसात टनाला किलोभर गंधक विरघळून राहतं. शिलारस वर येतो तसा दाब घटतो, आणि दाब घटला की गंधक विरघळण्याची ताकद उलट वाढते. म्हणजे खोलातून निघालेला शिलारस वाटेत गंधकाला आणखी भुकेला होतो; आपण होऊन थेंब सोडायची वेळ त्याच्यावर सहसा येतच नाही. गंधक बाहेरून मिळायला हवं, वाटेतल्या खडकाने द्यायला हवं.

सायबेरियातल्या नोरिल्स्कला तसंच झालं. सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी तिथे आपल्यासारखेच ट्रॅप, म्हणजे बसाल्टच्या लाव्ह्याचे थर, पसरले, पण त्या शिलारसाच्या वाटेत ॲनहायड्राइट या गंधकयुक्त खनिजाचे थर होते, समुद्राचं पाणी आटून बसलेले. त्या धातुकातलं गंधक समस्थानिकांच्या हिशेबाने जड आहे, प्रावरणातल्या गंधकासारखं नाही, म्हणून ते पृष्ठभागाजवळच्या थरांतून आलं हे कळतं. व्हॉइसीज बेला गंधक शेजारच्या नाइस नावाच्या खडकाने दिलं. ऑस्ट्रेलियात कंबाल्डाला, २७० कोटी वर्षांपूर्वी, कोमाटाइट जातीचा कडक तापलेला लाव्हा तळाचे गंधकी थर वितळवत गेला.

सडबरीची गोष्ट निराळी. तिथे १८५ कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळली आणि पृथ्वीचं कवचच वितळलं. १८८३ मध्ये रेल्वेमार्ग काढताना तिथलं धातुक उघडं पडलं. उल्केचं ऐकलं की आमच्याकडे कुणी ना कुणी विचारतंच, मग लोणारला निकेल काहून नाही बा? लोणारचं विवर १.८ किलोमीटरचं, आणि तिथलं वितळलेलं द्रव्य थेंबाथेंबाने विखुरलेलं. सडबरीला वितळलेल्या खडकाचा काही किलोमीटर जाडीचा थर दीर्घकाळ द्रव राहिला, म्हणून थेंब तळापर्यंत पोचले. आणि ते निकेल बहुतांशी वितळलेल्या कवचातलंच आहे, उल्केने आणलेलं नाही.

मग आपल्या डेक्कन ट्रॅपचं काय? हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण उत्तर आपल्या दगडांनीच दिलंय. रीड कीज आणि पीटर लाइटफूट या भूवैज्ञानिकांनी २०१० मध्ये सायबेरिया आणि डेक्कन दोन्हींच्या बसाल्टची तुलना केली. नोरिल्स्कजवळच्या नादेझ्दिन्स्की थरांत निकेल, तांबं, प्लॅटिनम गटातले धातू बरेच कमी आहेत, म्हणजे सल्फाइडने ते आधीच ओढून घेतले. डेक्कनमध्ये, सह्याद्रीतल्या बुशे थरांसारख्या कवच भरपूर खाल्लेल्या बसाल्टमध्येही, असा उपसा दिसत नाही. कवच गिळलं, पण गंधक मिळालं नाही. कवचातली सिलिका मिसळली की सल्फाइड सुटेल हा जुना विचार त्यामुळे मला तरी लंगडा वाटतो.

आमच्या इथे ट्रॅपच्या खाली गोंडवनाचे कोळशाचे थर आहेत. नोरिल्स्कलाही कोळसा होताच, मग इथे का नाही, असं मलाही आधी वाटायचं. पण गोंडवनाचा कोळसा नदी-तळ्यांतला, गंधक साधारणपणे एक टक्क्याहून कमी. त्यात पायराइट चमकतो, आणि खदानीवरचा माणूस "यात सोनं हाये का भाऊ?" म्हणत तो खिशातून काढून दाखवतो. तेवढ्याने शिलारसाचं पोट भरत नाही. हे अनुमान माझं, कुणाला खोडायचं असेल तर खुशाल खोडा.

विदर्भात असला सल्फाइड पाहायचा तर नजर पूर्वेला, चंद्रपूरकडे न्यायला हवी. गोंडपिपरीच्या आसपास ट्रॅपपेक्षा कितीतरी जुने, बस्तरच्या प्राचीन कवचातले गॅब्रो आणि पायरोक्सेनाइट हे खोलात थिजलेले काळे खडक आहेत, आणि हेटीजवळ त्यांत तांबं-निकेल-प्लॅटिनम गटाचे सल्फाइड भूवैज्ञानिकांनी नोंदवलेत. चंद्रपुरातलंच ठाणेवासनाचं तांबं याच्याशी जोडू नका. ते गरम पाण्याने शिरांतून आणलेलं, कूळ वेगळं.

तिकडे जाणाऱ्यांना एक सांगणं: जंगलखात्याच्या हद्दीतून किंवा खाणपट्ट्यातून काही उचलू नका. रस्त्याच्या कडेची गिट्टी, विहिरीचा मलबा, शेतकऱ्याला विचारून घेतलेला बांधावरचा गोटा, यांवर भागतं. मला तिकडचा एक गॅब्रो असाच मिळालाय. भिंगाखाली त्यात सल्फाइडचे बारीक ठिपके आहेत, चुंबकाने किंचित ओढतो, पण ती ओढ मॅग्नेटाइटचीही असू शकते. म्हणून तो पॉलिश करण्याऐवजी काचपट्टीवर चिकटवून पातळ छेद करायचा विचार आहे, ३० मायक्रॉनपर्यंत. हाताने घासून ५० च्या खाली जाताना माझी पट्टी कडेला पाचरीसारखी होते. ज्यांनी घरच्या घरी सपाट छेद काढलाय, त्यांनी काचेवरची पावडर किती नंबरची वापरली आणि जाडी कशी तपासली ते सांगा. ध्रुवित प्रकाशात क्वार्ट्झचा रंग करड्या-पांढऱ्यावर आला की थांबायचं हे ठाऊक आहे, पण माझ्या गॅब्रोत क्वार्ट्झच नाही. प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारवरून अंदाज बांधता येतो का, एवढं कळलं तरी काम पुढे सरकेल.