मुदतपूर्व

नोव्हेंबरात आमच्या शाखेत हयातीच्या दाखल्यांसाठी झुंबड असते. त्या गर्दीत नागपूरच्या महाल भागातल्या काकू नवऱ्याला, गुरुजींना घेऊन आल्या. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, 3 वर्षांपासून अल्झायमर. दाखल्याचं काम झालं, तसं काकूंनी पिशवीतून 6 लाखांच्या एफडीची पावती काढली.

"मोडून द्या जी मॅडम. भागत नाही आता."

सोबत हिशेबाची वही होती. दिवसपाळीच्या बाईचे 14,000, डायपरचे 4,000, गोळ्या अडीच हजारांच्या. रात्री काकू स्वतःच जागतात. मेडिक्लेम आहे, पण तो भरती केलं तरच. घरी सांभाळायला ठेवलेल्या बाईचा पगार त्यात बसत नाही. पेन्शन 29,000.

पेन्शनच्या खात्यावर काकूंचं नाव होतं. एफडी मात्र एकट्या गुरुजींची.

मी अर्ज भरून गुरुजींपुढे ठेवला, पेन दिला. त्यांनी तो मन लावून वाचला. घाईत मी 'मुदतपुर्व' लिहिलं होतं. त्यांनी ऱ्हस्व उकार खोडून दीर्घ केला. वळणदार, ठसठशीत. मग मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. 'रा' काढून पेन थांबला तो थांबलाच. "कोणाची सही पाहिजे?" त्यांनी मला विचारलं.

शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, "अंगठा घ्या ना." पण अंगठा चालतो तो हात चालत नसेल तेव्हा. कशावर उठवतोय हेच माणसाला कळत नसेल, तर तो कसा घ्यायचा? मुखत्यारपत्रही आता करता येणार नव्हतं. आधी केलेलं असतं तरी देणाऱ्याचं भान गेलं की ते कायद्याने संपतं. उरलं कोर्टाकडून पालक नेमून घेणं, म्हणजे हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात अर्ज, वकिलाची फी, महिने.

"पैसे यांचेच, खर्चही यांच्यावरच," काकू म्हणाल्या, "मग अडतं काहून?"

मला उत्तर सुचलं नाही, कारण ही एफडी 3 वर्षांपूर्वी मीच रिन्यू केली होती. तेव्हा गुरुजी एकटेच आले होते. व्याजदर त्यांनी तीनदा विचारला आणि मी तीनदा सांगितला. सही चांगली येत होती. काकूंचं नाव घालू या, 'दोघांपैकी कोणीही' करू या, एवढं म्हणायला दोन मिनिटं लागली असती. बाहेर रांग होती.

मी विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता कागदावर लिहून दिला. महिलांना तिथे वकील मोफत मिळतो. काकूंनी तो पावतीसोबत घडी करून ठेवला आणि मनगटातल्या पाटल्या चाचपल्या.

"बाईचा पगार एक तारखेला द्यावा लागते. इतवारीत सराफाकडे जाऊन येतो आधी."

गुरुजी माझा पेन हातात धरूनच गेले.