विटा ते जावर : शिशाच्या जुन्या खाणी बघताना

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या बाजूला गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा, नाही असं घर सापडणं अवघड. आमच्या मामांची भट्टी उदयपूरला. पूर्वी चांदी शुद्ध करायला तिच्यात शिसं घालायचे; शिसं घाण ओढून राखेत मुरायचं, वर चांदीचा गोळा उरायचा. आता तेजाबावर, म्हणजे ॲसिडवर, काम चालतं. पण ते शिसं यायचं कुठून, हे बघायला दिवाळीनंतर मामांबरोबर जावरला गेलो.

उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटर. अहमदाबादकडं जाणारा रस्ता म्हणजे आपल्या पेठ नाक्यावरून जातो तोच एनएच ४८. दिवसभराची गाडी ठरवा, डबा-पाणी सोबत घ्या.

जुन्या खाणींची तोंडं डोंगराच्या अंगावर दिसतात. काही दोन हजार वर्षांहून जुनी. भिंती गोलसर, गुळगुळीत, कारण खडक आगीनं फोडलेला. लाकडं रचून पेटवायची, धूर जाईतो थांबायचं, तडकलेला दगड छिन्नीनं काढायचा. मामा तोंडाशी उभे राहून म्हणाले, "लेका, ह्यांना दगडापेक्षा लाकूड महाग पडलं असंल."

आता तिथं ड्रिल, सुरुंग आणि डंपर. पण धातूपर्यंत पोचायलाच मुका, म्हणजे धातू नसलेला, दगड फोडत बोगदा न्यावा लागतो, म्हणजे कमाईआधी खर्च. मग पोकळीला आधार म्हणून धातूच्या दगडाचेच खांब सोडायचे, नाहीतर भराव टाकायचा. सोडलेल्या खांबातली धातू गेली ती गेलीच. शिवाय हवा आत ढकलायची, पाणी बाहेर उपसायचं. काम बंद असलं तरी पंप चालूच. आमच्याकडच्या टेंभू उपसा पाणी योजनेच्या लाईटबिलावरून होणारी भांडणं ज्यानं ऐकलीत, त्याला हे वेगळं सांगायला नको.

चालू खाणीत कंपनीच्या परवानगीशिवाय सोडत नाहीत. आम्ही आधी पत्र पाठवलं नव्हतं, गेटवरूनच परतलो. जुन्या तोंडांत तर कुणी कितीही आग्रह केला तरी उतरू नका. धुळीत शिसं असतं, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका.

इथं शिशाबरोबर जस्तही काढायचे; गावाजवळ त्या जस्ताच्या भट्ट्यांचे अवशेष आहेत. जस्ताची ९०७ अंशांवर वाफ होते, म्हणून वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या लावून वाफ खाली थंड करायचे. एका भट्टीत ३६ मुशी. वापरलेल्या मुशी रचून लोकांनी चक्क भिंती बांधल्यात. एकही उचलून आणू नका.

मूस एकदाच वापरायची हे कळल्यावर मामा हळहळले. स्वतःची मूस तडा जाईपर्यंत वापरणारा माणूस. त्या भिंतीशी मुशी मोजत बसले ते ड्रायव्हरनं तिसऱ्यांदा हॉर्न देईपर्यंत.